जुन्या धाटणीचे छोटे रेडिओ-नियंत्रित विमान: लाकडाच्या निवडीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

१९३०च्या दशकातील बहुतेक मॉडेल विमानांमध्ये रेडिओ नसे. बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला पातळ कागद, पुढे रबराची पिळलेली दोरी किंवा लहानसे पेट्रोल इंजिन आणि पंखांना दिलेला भरपूर वरचा कल, एवढ्या सामग्रीवर ते हातातून सुटे, कोणाच्याही मदतीविना वर चढे आणि इंजिन थांबल्यावर घिरट्या घालत खाली उतरे. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी १९३७ मध्ये ‘गफ’ नावाचे विमान रेडिओच्या साहाय्याने उडवले, तेव्हाही मुळात ते स्वतःहून स्थिर राहणारेच विमान होते. रेडिओ त्याला फक्त मार्ग दाखवत होता. या धाटणीचे विमान बांधायला घेणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. त्याचे उड्डाण कसे होणार हे ट्रान्समीटर हाती येण्यापूर्वीच, बांधणीच्या फळीवर ठरलेले असते. वजन किती आटोक्यात राहिले, पंख किती सरळ झाला आणि शेपटी किती हलकी ठेवता आली, यावर बाकी सर्व अवलंबून असते.

आकार आणि आराखडा

पुढील मार्गदर्शनासाठी एक मीटर पंखविस्ताराचे, वर पंख असलेले, दोनच चालत्या पृष्ठभागांचे म्हणजे रडर (उभ्या शेपटीचा, डावी-उजवीकडे वळवणारा भाग) आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीचा, नाक वर-खाली करणारा भाग) असलेले विमान गृहीत धरले आहे. पंखाची रुंदी १७० मिलिमीटर धरली तर क्षेत्रफळ सतरा चौरस डेसिमीटर होते. उड्डाणाला सज्ज असताना वजन ३२० ग्रॅमच्या आत ठेवले, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर १९ ग्रॅमपेक्षा कमी भार येतो आणि विमान सायकलच्या वेगाएवढ्या कमी वेगातही तरंगत राहते. हेच विमान ४५० ग्रॅमचे झाले तरी उडेल, पण मग ते जुन्या विमानासारखे उडणार नाही. त्याला वेग लागेल, वळताना ते नाक खाली टाकेल आणि उतरताना आदळेल.

जुने मूळ आराखडे आजही सहज मिळतात. सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स ही संस्था १९४२ अखेरपर्यंतच्या रचनांना जुन्या काळातील विमाने मानते, आणि त्या काळातील कित्येक आराखडे हौशी मंडळींनी जपून ठेवले आहेत. मात्र त्यांतली इंजिनावर चालणारी विमाने बहुधा दोन मीटरच्या आसपास विस्ताराची असत. असा आराखडा निम्मा करून घेतला की लांबी निम्मी होते, क्षेत्रफळ मात्र चौथा हिस्सा उरते, आणि लाकडाची जाडी त्याच प्रमाणात कमी करता येतेच असे नाही, कारण एक मिलिमीटरपेक्षा पातळ रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी फासळी, हाताळतानाच मोडते. म्हणून आराखडा लहान करताना काड्यांची संख्याही कमी करावी. मूळ पंखात तीस रिब असतील, तर छोट्या पंखात सुमारे ५० मिलिमीटर अंतरावर एक याप्रमाणे वीस-एकवीस पुरतात. बाह्यरेषा मूळची ठेवावी, आतला सांगाडा नव्याने विचार करून आखावा. या विमानांचे सौंदर्य बाह्यरेषेतच असते: शेपटीची लंबगोल कड, पंखाची गोलाकार टोके, नाकापासून शेपटीपर्यंत निमुळते होत जाणारे धड.

लाकूड

बाल्सा विकत घेताना बहुतेक जण जाडी पाहतात आणि वजन पाहत नाहीत. एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनातही मोठा फरक असू शकतो. १.५ मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब फळीचे आकारमान १५० घनसेंटिमीटर होते. ती फळी १५ ग्रॅम भरली तर तिची घनता घनमीटरला १०० किलो, म्हणजे रिबांसाठी उत्तम. २४ ग्रॅम भरली तर ती १६० किलोची, कठीण आणि फक्त जोर येणाऱ्या जागी वापरण्याजोगी. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा छोटा काटा जवळ ठेवावा आणि प्रत्येक फळीवर पेन्सिलीने तिचे वजन लिहून ठेवावे. या एका सवयीने जेवढे वजन वाचते तेवढे नंतरच्या कोणत्याही युक्तीने वाचत नाही.

वजनानंतर रेषा पाहाव्यात. फळीच्या पृष्ठभागावर बारीक चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसत असेल, तर ती खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने कापलेली असते. ती आडवी वाकत नाही, वाकवली तर फुटते, आणि म्हणूनच रिबांना तीच हवी. लांब सरळ रेषांची, हातात घेतल्यावर रुंदीत सहज वळणारी फळी गोल पृष्ठभाग मढवायला वापरावी. धडाच्या चार लांब काड्या, म्हणजे लाँगेरॉन, एकाच फळीतून कापाव्यात. त्या कापल्यावर प्रत्येकीचे एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून दुसऱ्या टोकाला सारखेच छोटे वजन लटकवून पाहावे. चौघींचा वाक जवळपास सारखा असावा. डाव्या बाजूला मऊ आणि उजव्या बाजूला कडक काडी लागली, तर शेपटीकडे धड आवळताना ते कडक काडी सोडून मऊ काडीच्या बाजूने अधिक वाकते, आणि एकदा वाकडे चिकटलेले धड नंतर सरळ होत नाही.

चिकटवण्यासाठी सुताराचा पिवळा किंवा पांढरा वूड ग्लू बहुतेक सर्व सांध्यांना योग्य आहे. तो सुकायला वेळ घेतो, पण त्या वेळात सांधा सरकवून नीट बसवता येतो आणि सुकल्यावर तो बाल्साबरोबर बऱ्यापैकी सारखा घासला जातो. सायनोअ‍ॅक्रिलेट म्हणजे झटपट चिकटणारा ग्लू काचेसारखा कडक होतो. त्याच्या भोवतीचे मऊ लाकूड घासून जाते आणि सांध्याचा उंचवटा तसाच राहतो, जो पुढे कागदाखाली स्पष्ट दिसतो. मोटर जिच्यावर बसते त्या नाकातल्या भिंतीला आणि चाकांच्या तारेला मात्र इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा मजबूत ग्लूच वापरावा.

धड

आराखडा पूर्ण सपाट फळीवर पसरून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे, म्हणजे ग्लू कागदाला चिकटत नाही. धडाच्या दोन्ही बाजू एकावर एक बांधाव्यात: ५ मिलिमीटर चौरस काड्यांची पहिली बाजू टाचण्यांच्या मध्ये पकडून पूर्ण करावी, तिच्यावर प्लॅस्टिकचा तुकडा टाकावा आणि त्याच टाचण्यांमध्ये दुसरी बाजू बांधावी. टाचणी काडीतून आरपार टोचू नये, दोन्ही बाजूंनी लावून काडी मध्ये धरावी. उभ्या काड्या मोजून कापण्यापेक्षा त्या जागी धरून, किंचित लांब कापून आणि पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासून बसवाव्यात. काडी जागेवर बसताना जोर लागता कामा नये आणि ती आपोआप गळूनही पडता कामा नये.

दोन्ही बाजू सुटल्या की आधी पंखाखालचा समांतर भाग उभा करावा. तिथल्या आडव्या काड्या लावताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून काटकोन तपासावा, आणि तो भाग पूर्ण वाळल्यावरच शेपटीची टोके एकत्र आणावीत. आराखड्यावर मध्यरेषा ठळक आखून ठेवलेली असावी. नाकाच्या मध्यापासून शेपटीच्या मध्यापर्यंत दोरा ताणला असता तो प्रत्येक आडव्या काडीच्या मध्यखुणेवरून जायला हवा. इथे अर्धा तास अधिक गेला तरी चालेल.

मोटरची भिंत ३ मिलिमीटर प्लायवूडची करावी आणि ती मुद्दाम तिरपी लावावी: मोटरचा दांडा सुमारे ३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे पाहील असा. ४० मिलिमीटर उंचीच्या भिंतीत ३ अंश म्हणजे वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे २ मिलिमीटर पुढे. हा कल कशासाठी, हे समजून घेतले तर शेवटी विमान साधताना त्याचा उपयोग होईल. जास्त पंखक्षेत्राच्या हलक्या विमानाचा वेग वाढला की उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि नाक वर जाऊ लागते. खाली पाहणारा दांडा नेमका शक्ती असतानाच त्याला आवर घालतो आणि मोटर बंद झाल्यावर त्याचा प्रभाव नाहीसा होतो. उजवीकडचा कल प्रोपेलरच्या उलट्या पिळाला आणि त्याच्या फिरत्या झोताला उतारा म्हणून असतो.

पंखाची बैठक शेपटीच्या तुलनेत अडीच ते तीन अंश वर कललेली असावी, म्हणजे १७० मिलिमीटर रुंदीवर पुढची कड मागच्या कडेपेक्षा साधारण ८ मिलिमीटर उंच. बैठकीच्या पुढे आणि मागे ४ मिलिमीटर जाडीच्या गोल लाकडी दांड्या आरपार घालाव्यात, कारण पंख रबरबँडनेच बांधायचा आहे. बोल्टने आवळलेला पंख अधिक नेटका दिसतो हे खरे, परंतु पंखाचे टोक जमिनीला लागले असता रबरबँड सुटून पंख बाजूला होतो आणि लाकूड वाचते, म्हणून छोट्या विमानात मी रबरबँडचाच आग्रह धरेन. चाकांसाठी २ मिलिमीटर पोलादी तार वाकवून ती प्लायवूडच्या तुकड्यावर जाड दोऱ्याने शिवावी आणि वर इपॉक्सी लावावे. चाके गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलते त्याच्या, पुढे यावीत, एवढे पाहिले की त्या भागात आणखी काही अवघड नाही.

पंख

सर्व रिब एकसारख्या होण्यासाठी प्लायवूडचे दोन साचे कापावेत, त्यांच्यामध्ये बाल्साचे चौकोनी तुकडे रचून दोन लांब बोल्टने आवळावेत आणि संपूर्ण गठ्ठा एकदम कापून घासावा. स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य काड्यांच्या, खाचाही त्याच वेळी कराव्यात. रिबचा आकार, म्हणजे पंखाचा छेद, खालून सपाट असलेला क्लार्क वाय प्रकारचा सर्वांत सोयीचा, कारण पंख थेट फळीवर बांधता येतो. जुन्या आराखड्यांत खालून पोकळ छेदही आढळतात. ते सावकाश उडतात आणि देखणेही असतात, मात्र त्यांवर कागद प्रत्येक रिबच्या खालच्या कडेला चिकटवावा लागतो, नाहीतर तो ताणल्यावर तिथून सुटतो. पहिल्या विमानात ते टाळलेले बरे.

वर एक आणि खाली एक असे ३ बाय ५ मिलिमीटर कठीण बाल्साचे दोन स्पार पुरतात, पण त्या दोहोंच्या मध्ये, धडालगतच्या तीन-चार खणांत, १.५ मिलिमीटर बाल्साचे तुकडे भिंतीसारखे लावावेत आणि त्यांच्या रेषा उभ्या ठेवाव्यात. पंख वर वाकू पाहतो तेव्हा वरचा स्पार दबतो आणि खालचा ताणला जातो. त्या दोघांना एकत्र बांधून ठेवणारी ही भिंत नसेल तर वरचा स्पार बाजूला वाकून मोडतो. दोन ग्रॅम वजनात पंखाची ताकद कित्येक पटींनी वाढवणारी दुसरी जागा या विमानात नाही.

मागच्या कडेची त्रिकोणी पट्टी सुमारे २० मिलिमीटर रुंद असावी, आणि प्रत्येक रिबसाठी तिला दीड मिलिमीटर खोल खाच द्यावी. पट्टी फळीवर सपाट ठेवून चिकटवली आणि पुढे रिबचा खालचा भाग किंचित उचललेला राहिला, तर तयार पंखात पीळ येतो, म्हणून प्रत्येक रिब बसवताना ती पुढे, मध्ये आणि मागे फळीला टेकली आहे याची बोटाने खात्री करावी. पंखाच्या शेवटच्या दोन रिबांच्या मागच्या कडेखाली २ ते ३ मिलिमीटरची पाचर सारून टोके मुद्दाम थोडी कमी कोनात ठेवावीत. मग वेग फार कमी झाल्यावर पंखाचा मधला भाग आधी उचल सोडतो, टोके काम करत राहतात आणि विमान एका अंगावर न कोसळता नाक हलकेच खाली टाकते.

गोल टोके जाड फळीतून कोरून काढू नयेत. दीड मिलिमीटर जाड आणि ३ मिलिमीटर रुंद अशा तीन पट्ट्या कोमट पाण्यात मऊ कराव्यात, वरचे पाणी टिपून त्यांच्यामध्ये वूड ग्लू लावावा आणि जाड पुठ्ठ्याच्या मेण लावलेल्या साच्याभोवती हळूहळू ओढत वळवाव्यात. वळवताना मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे आणि टाचण्यांनी रात्रभर तसेच सोडावे. सकाळी साचा काढल्यावर हातात येणारी कमान एक-दीड ग्रॅमची असते आणि तिच्या वळणात आडव्या रेषेवर मोडण्याची जागाच नसते. शेपटीची आणि रडरची कडही अशीच करावी.

या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरचे विमान झुकवणारे भाग, नाहीत. रडर दिला की विमान आधी नाक वळवते, त्यामुळे बाहेरच्या बाजूच्या, वर कललेल्या पंखाचा हवेशी कोन वाढतो, तो उचलला जातो आणि विमान वळणात झुकते. वरचा कल कमी पडला तर रडर देऊनही ते सपाटच घसरत राहते. म्हणून दोन्ही टोके प्रत्येकी ६० मिलिमीटर वर हवीत, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ७ अंश. पहिला अर्धा भाग फळीवर सपाट ठेवून दुसऱ्याच्या टोकाखाली १२० मिलिमीटरचा ठोकळा ठेवावा, सांध्याच्या कडा बिनफट जुळेपर्यंत घासाव्यात आणि स्पारच्या पुढे-मागे दीड मिलिमीटर प्लायवूडच्या कोनात कापलेल्या पट्ट्या चिकटवाव्यात. मधल्या रिब सुरुवातीलाच वरच्या कडेने टोकाकडे ७ अंश कलत्या लावलेल्या असाव्यात, म्हणजे पंख उचलल्यावर त्या उभ्या होऊन एकमेकींना भिडतात.

शेपटी आणि आतली यंत्रणा

आडवी शेपटी ३४० बाय ११० मिलिमीटरच्या आसपास, पंखाच्या क्षेत्रफळाच्या सुमारे २२ टक्के असावी. ती ४ मिलिमीटर बाल्साची सपाट जाळी करावी आणि तिच्यात काही तिरक्या काड्या जरूर घालाव्यात, कारण कागद आवळताना साधी चौकटी जाळी पिळली जाते. मूळ आराखड्यांत अनेकदा शेपटीलाही पंखासारखा फुगीर छेद असतो आणि त्यानुसार गुरुत्वमध्य बराच मागे, कधी पंखाच्या मध्याच्याही मागे दाखवलेला असतो. रेडिओशिवाय उडणाऱ्या विमानात ती योजना चाले. पण सपाट शेपटी बसवून गुरुत्वमध्य मात्र जुन्या आराखड्याप्रमाणे मागे ठेवला, तर विमान सावरता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकत्रच बदलाव्या लागतात.

शेपटीचे वजन सतत मोजत राहावे. गुरुत्वमध्यापासून शेपटी सुमारे ४०० मिलिमीटरवर आणि बॅटरी १५० मिलिमीटरवर असते, त्यामुळे मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी पुढे अडीच ग्रॅमहून जास्त वजन घालावे लागते. दोन्ही शेपट्या मिळून कागदाशिवाय १२ ग्रॅमच्या आत आणणे सहज शक्य आहे. बिजागऱ्यांसाठी दोऱ्याची आठच्या आकड्यासारखी शिवण जुन्या धाटणीला शोभते, हलकी असते आणि घर्षणही जवळपास नसते.

मोटर २५ ते ३० ग्रॅमची ब्रशलेस, व्होल्टमागे मिनिटाला १,१०० ते १,३०० फेरे देणारी, दोन सेलच्या ८०० मिलिअँपिअर-तासांच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर ८ बाय ४ इंची (व्यास ८, पीच ४) प्रोपेलर फिरवणारी घ्यावी. तिचा प्रवाह सहा-सात अँपिअरच्या आसपास राहतो, म्हणून मोटरचा वेग नियंत्रित करणारा १० ते १२ अँपिअरचा स्पीड कंट्रोलर पुरेसा आहे; तरीही प्रत्यक्ष प्रवाह वॉटमीटरने मोजूनच खात्री करावी. सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर रडर-एलेव्हेटर हलवणारी छोटी यंत्रे, पाच-सहा ग्रॅमची दोन. ती शेपटीकडे न लावता पंखाखाली लावावीत आणि हालचाल एक मिलिमीटर कार्बन दांडीने पातळ नळीतून मागे न्यावी. एलेव्हेटरला वर-खाली १० मिलिमीटर आणि रडरला दोन्हीकडे २५ मिलिमीटर एवढी हालचाल आरंभी योग्य. बॅटरी चार्ज करताना लिपोसाठीच असलेला चार्जर वापरावा, खोलीबाहेर जाऊ नये, आणि काही दिवस उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. संपर्क तुटल्यास मोटर थांबेल असा फेलसेफ रिसीव्हरमध्ये लावलेला असलाच पाहिजे.

कागद आणि डोप

सांगाडा पूर्ण झाल्यावर तो लगेच झाकून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण कागद काहीही लपवत नाही. उलट प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक ग्लूचा थेंब अधिक ठळक करतो. ३०० मिलिमीटर लांबीच्या सरळ लाकडी पट्टीवर २४० आणि नंतर ३२० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवून ती पट्टी नेहमी दोन-तीन रिबांवरून तिरपी चालवावी. लहान तुकडा बोटाखाली धरून घासले तर काड्यांमधील मऊ लाकूड खोल जाते आणि पृष्ठभाग लाटांचा होतो. खोलीतला मुख्य दिवा बंद करून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकला असता उंचसखलपणा लगेच दिसतो.

ज्या ज्या कडेला कागद चिकटणार आहे तिला निम्म्यास निम्मा थिनर घातलेल्या नायट्रेट डोपचे, म्हणजे कागद चिकटवून आवळणाऱ्या पातळ लॅकरचे, दोन हात द्यावेत. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, ते ४०० क्रमांकाच्या पेपरने हलकेच घासावेत आणि मग दुसरा हात द्यावा. डोप अत्यंत ज्वालाग्राही असतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून हे काम उघड्या खिडकीजवळ, कोणतीही ज्योत किंवा ठिणगी नसलेल्या जागी करावे. पावसाळी, दमट हवेत डोप लावू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि पांढुरके डाग उमटतात.

इस्त्रीने चिकटवायची प्लॅस्टिक फिल्म सोपी आहे आणि फाटतही कमी, पण साधारण फिल्म चौरस मीटरला ६० ग्रॅमच्या घरात जाते, तर जाड मॉडेल टिश्यू, म्हणजे मढवण्याचा पातळ कागद, २० ग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय डोप मुरलेला टिश्यू सांगाड्याला ताठरपणा देतो, विशेषतः पिळाविरुद्ध, आणि फिल्म तो फारसा देत नाही. उजेडाकडे धरल्यावर कागदातून रिबांची सावली दिसते ती वेगळीच. माझे मत सरळ टिश्यूच्या बाजूने आहे.

टिश्यूलाही लाकडासारखी दिशा असते. कोपऱ्याचा तुकडा फाडून पाहावा. ज्या दिशेने तो सरळ फाटतो ती त्याची दिशा, आणि ती पंखाच्या लांबीबरोबर ठेवावी, म्हणजे दोन रिबांमध्ये कागद कमी खोल बसतो. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर. चारी बाजूंनी २५ मिलिमीटर जास्त असा तुकडा कापून सांगाड्यावर ठेवावा, मध्यावरच्या रिबवर आणि टोकाच्या कडेवर कागदावरूनच थिनर लावावा. थिनर कागदातून झिरपतो, खालचा वाळलेला डोप मऊ करतो आणि बोटाने दाबले की कागद धरतो. मग आळीपाळीने पुढे आणि मागे, मध्यातून टोकांकडे जात, फक्त सुरकुत्या निघतील इतकेच ओढत कडा चिकटवाव्यात. ढोलकीसारखा ताण इथे अपेक्षित नाही, ते काम पाणी करेल. गोल टोकांवर कागद स्वतंत्र तुकड्याने आणि किंचित ओला करून लावावा, कारण ओला टिश्यू दोन्ही दिशांना वळण घेतो. पंखाच्या मध्यसांध्यावर मात्र एकच तुकडा कलावरून ओढून नेऊ नये. प्रत्येक बाजूचा कागद सांध्यावर संपवावा. जास्तीच्या कडा नव्या ब्लेडने किंवा पॉलिश पेपरच्या हलक्या खालच्या फटक्याने काढाव्यात.

दोन्ही बाजू झाकल्यावर बारीक फवाऱ्याने पाणी मारावे. कागद आधी ढिला पडतो, सुरकुततो, आणि वाळता वाळता स्वतःच घट्ट होतो. ओला असतानाच पंखाचा एक भाग फळीवर, टोकाखालच्या त्याच २-३ मिलिमीटर पाचरेसह, टाचण्यांनी जखडून ठेवावा. खालूनही वाळावे म्हणून त्याखाली सारख्या जाडीच्या बारीक काड्या घालाव्यात. एक बाजू वाळल्यावर दुसरी. त्यानंतर पातळ डोपचे तीन हात, प्रत्येक हात रुंद मऊ ब्रशने एकदाच ओढून, पुन्हा त्याच जागी न फिरवता. डोपही कागद आवळतो, म्हणून प्रत्येक हातानंतर पंख पुन्हा जखडावा. शेवटच्या दोन हातांसाठी डोपच्या ५० मिलिलिटरला चार-पाच थेंब एरंडेल तेल घातले तर डोप लवचीक राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पातळ शेपटी पिळत नाही.

रंग ब्रशने किंवा फवाऱ्याने देऊ नये. रंगीत टिश्यूच घ्यावा. फिकट पिवळ्या पंखावर गडद लाल किंवा निळी कड, धडावर एक निमुळता पट्टा आणि पंखाच्या उजव्या भागावर काळ्या टिश्यूतून कापलेली मोठी अक्षरे, इतके पुष्कळ होते. अक्षरे जागेवर धरून वरून थिनर लावला की ती खालच्या डोपमध्ये मुरतात आणि त्यांचे वजन नगण्य राहते. पट्ट्याची कड सरळ यावी म्हणून टिश्यूचे दोन थर पोलादी पट्टीखाली दाबून एकदमच कापावेत, मग डावा आणि उजवा पट्टा तंतोतंत सारखा होतो.

तोल आणि उड्डाण

सपाट शेपटीच्या या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून ५० मिलिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या ३० टक्क्यांवर ठेवावा. पंखाखाली त्या रेषेवर दोन्ही बाजूंना बोटे टेकवून उचलले असता विमान सपाट किंवा नाक किंचित खाली राहावे. तोल बॅटरी पुढे-मागे सरकवून साधावा. शिशाचा तुकडा हा शेवटचा उपाय. त्यानंतर विमान नाक आणि शेपटीवर तोलून पाहावे, एक पंख सतत खाली जात असेल तर हलक्या टोकात छोटी टाचणी खोचावी. मागून पाहिले असता दोन्ही पंखांच्या मागच्या कडा सारख्या दिसल्या पाहिजेत. पीळ आढळला, तर तो भाग उलट दिशेने पिळून धरावा, दुसऱ्या कोणाला केसांच्या ड्रायरने गरम वारा मारायला सांगावे आणि थंड होईपर्यंत सोडू नये.

पहिल्या दिवशी वारा नसावा; पहाट उत्तम. जागा मोकळी, माणसांपासून दूर आणि आपल्या देशाच्या हवाई नियमांना धरून असावी, आणि ट्रान्समीटरचा पल्ला आधी जमिनीवर तपासावा. उंच गवतावर उभे राहून, मोटर बंद ठेवून, समोर पन्नास पावलांवरच्या जमिनीकडे विमान सरळ आणि सपाट सोडावे, वर फेकू नये. ते दूर जाऊन अलगद टेकले पाहिजे. नाक वर करून थबकत असेल तर बॅटरी थोडी पुढे घ्यावी किंवा पंखाच्या मागच्या कडेखाली अर्ध्या मिलिमीटरची पट्टी सारावी. सरळ खाली जात असेल तर उलट करावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा.

घसरण समाधानकारक झाल्यावरच मोटर दोन तृतीयांश लावून सोडावे. आता जुन्या मंडळींचा एक नियम कटाक्षाने पाळावा: मोटर बंद असतानाचे उड्डाण पंखाच्या कोनाने आणि तोलाने साधायचे, मोटर चालू असतानाचे फक्त मोटरच्या कलाने. शक्ती दिल्यावर विमान नाक वर करून लटकू लागले, तर एलेव्हेटरचा ट्रिम (काडी न धरता राहणारा बारीक कल) खाली करण्याचा हात आवरावा, कारण त्यामुळे बिघडतो तो आधीच साधलेला मोटरविना उतार. त्याऐवजी खाली उतरवून मोटरच्या वरच्या दोन बोल्टमागे एकेक पातळ वॉशर घालावा आणि पुन्हा उडवावे. डावीकडे जोराने वळत असेल तर डाव्या बाजूच्या बोल्टमागे वॉशर. अशा तीन-चार फेऱ्यांत विमान शक्तीवर रुंद वळणात वर चढू लागते आणि मोटर बंद केली की ट्रान्समीटरच्या काड्यांना हात न लावता त्याच वळणात उतरू लागते. ते साधले की वॉशरच्या जागी त्याच जाडीची प्लायवूडची पाचर इपॉक्सीने कायमची बसवावी आणि बॅटरीच्या जागी पेन्सिलीने खूण करावी.